रिकाम्या चौकोनाचे कारण : रुग्णांच्या ई-डायरीचे परीक्षण

दीर्घकालीन सांधेदुखीवरील एका औषधाच्या वैद्यकीय चाचणीत आमच्या केंद्रावरील २३ रुग्णांनी जी ई-डायरी वापरली, तिचे हे परीक्षण आहे. चाचणी अनेक केंद्रांवर चालू होती आणि प्रायोजकाने सर्वांना एकाच पुरवठादाराची यंत्रणा दिली होती : प्रत्येक रुग्णाला घरी नेण्यासाठी एक हँडसेट, भेटीच्या दिवशी केंद्रावर प्रश्नावल्या भरून घेण्यासाठी एक टॅब्लेट आणि आम्हा समन्वयकांसाठी संगणकावर उघडणारे एक पोर्टल. हँडसेटवर रोज संध्याकाळी चार प्रश्न येत. गेल्या २४ तासांतील सर्वांत तीव्र वेदना ० ते १० या मापावर किती होती, सकाळी उठल्यावर सांधे किती मिनिटे आखडलेले होते, झोप कशी लागली आणि वेदनाशामकाच्या जादा गोळ्या किती घ्याव्या लागल्या, हे ते प्रश्न. टॅब्लेटवर ईक्यू-५डी ही एकूण आरोग्याविषयीची प्रश्नावली आणि सांधेदुखीच्या रुग्णांसाठीची आणखी एक प्रश्नावली होती. पहिल्या रुग्णाच्या नोंदणीपासून शेवटच्या रुग्णाच्या शेवटच्या भेटीपर्यंत १४ महिने ही यंत्रणा मी रोज हाताळली. पुरवठादाराचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी या प्रकारच्या इतर यंत्रणांतही आढळतात आणि निवड करणाऱ्याने नावापेक्षा त्या गोष्टी तपासून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

या कामाआधी कित्येक वर्षे मी कागदी डायऱ्या गोळा केल्या आहेत. २८ दिवसांची डायरी परत येते, ती उघडली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच पेन, तोच दाब, अक्षराचा तोच कल दिसतो. एकाही पानाला डाग नसतो की घडी नसते. भेटीसाठी आल्यावर बाहेरच्या बाकावर बसून पंधरा मिनिटांत सगळे रकाने भरले आहेत, हे आपल्याला कळते आणि तरीही त्या नोंदी आपण तारीखवार उतरवून घेतो. यात रुग्णाला दोष देण्याचे कारण नाही. दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला रोज वही उघडण्याचे भान राहत नाही, आणि रिकामी वही परत करताना त्याला आपल्या डॉक्टरांसमोर ओशाळल्यासारखे होते.

हा अंदाज किती खरा आहे, ते २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आकड्यांत दाखवले. दीर्घकालीन वेदनेच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना कागदी डायरी आणि निम्म्यांना इलेक्ट्रॉनिक डायरी दिली होती. कागदी डायरीच्या फाइलमध्ये प्रकाशसंवेदक बसवलेला होता, त्यामुळे फाइल केव्हा उघडली आणि केव्हा मिटली याची नोंद आपोआप होत होती. रुग्णांनी लिहिलेल्या तारखा आणि वेळा पाहिल्या तर ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. संवेदकाच्या हिशेबाने वेळेवर झालेल्या नोंदी ११ टक्के होत्या. ३२ टक्के दिवशी तर फाइल उघडलीच गेली नव्हती, तरीही त्या दिवसांची पाने भरलेली होती. इलेक्ट्रॉनिक डायरीच्या गटात वेळेवर झालेल्या नोंदींचे प्रमाण ९४ टक्के होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली रुग्णांनी स्वतः नोंदवलेल्या परिणामांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही घरी भरायच्या डायरीबद्दल हाच मुद्दा आहे : रुग्ण ठरल्याप्रमाणे नोंद करतात, भेटीच्या तोंडावर बसून भरत नाहीत, यासाठी काय व्यवस्था केली आहे ते आम्ही चाचणीच्या आराखड्यात पाहू.

या एका कसोटीवर ही ई-डायरी पूर्ण उतरते. संध्याकाळी ७ वाजता गजर होतो, ९ वाजता पुन्हा होतो आणि ११ वाजता त्या दिवसाची नोंद बंद होते. नंतर कोणालाही, अगदी मुख्य संशोधकालाही, मागची तारीख उघडता येत नाही. प्रत्येक नोंदीसोबत ती कोणाच्या पिनने झाली, हँडसेटवर केव्हा झाली आणि सर्व्हरवर केव्हा पोहोचली हे जतन होते. हँडसेटचे घड्याळ रुग्णाला बदलता येत नाही. इंटरनेट नसले तरी नोंद हँडसेटवर सुरक्षित राहते आणि जोडणी मिळताच पुढे जाते. डोंगराळ भागात सहा दिवस राहून आलेल्या एका रुग्णाच्या सहाही नोंदी मूळ वेळेसह आलेल्या मी पाहिल्या. सकाळी पोर्टल उघडले की प्रत्येक रुग्णापुढे दिवसांचे चौकोन ओळीने दिसतात, झालेली नोंद हिरवी आणि राहिलेली लाल. सलग दोन लाल चौकोन दिसले की मी फोन करत असे. कागदाच्या काळात जे महिन्याने कळायचे ते दुसऱ्या दिवशी कळू लागले, आणि एकट्या या सोयीसाठीही मी ही यंत्रणा पुन्हा स्वीकारेन.

पडद्याची मांडणी बहुतांशी विचारपूर्वक केलेली आहे. एका पडद्यावर एकच प्रश्न येतो, अक्षर मोठे असते आणि कोणतेही उत्तर आधीपासून निवडलेले नसते. ईक्यू-५डीमधील आरोग्याची ० ते १०० ही उभी पट्टी टॅब्लेटवर येते तेव्हा तिच्यावर दर्शक दिसत नाही. रुग्णाचे बोट टेकल्यावरच तो उमटतो. ही बाब लहान वाटेल, पण दर्शक ५० वर उभा करून ठेवला तर अनेक जण त्याच्या आसपासच थांबतात. कागदावर ही पट्टी २० सेंटिमीटरची असते. पडद्यावर ती लहान होते, तरी तिच्या टोकांची वाक्ये आणि मधले आकडे स्पष्ट वाचता येतात.

अक्षराचा आकार वाढवल्यावर मात्र गडबड होते. आजाराच्या प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर ‘गेल्या ७ दिवसांत’ ही ओळ आहे. हँडसेटच्या तुलनेत टॅब्लेट मोठा असला, तरी मोठे अक्षर निवडले की ही ओळ वर सरकून पडद्याबाहेर जाते आणि रुग्णाला फक्त ‘जिना चढताना किती त्रास झाला?’ एवढेच दिसते. मग कोणी आजचे सांगतो, कोणी महिनाभराचे. भाषांतरावर एवढे परिश्रम घेतलेले असतात, दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर आणि शेवटी प्रत्यक्ष रुग्णांसोबत बसून त्यांना काय समजले याची विचारपूस. आणि त्या सगळ्यातून तावूनसुलाखून निघालेली ओळच वाचणाऱ्याच्या नजरेआड जाते. मोठे अक्षर कोण निवडतो, तर ज्यांची नजर अधू आहे ते, म्हणजे बहुधा वयस्क रुग्ण. चूक एकाच गटात साचत राहते. कागदावरची प्रश्नावली पडद्यावर आणताना बदल किरकोळ आहे की अर्थाला हात लावणारा आहे, हे ठरवण्याची रीत या क्षेत्रात चांगली रुळलेली आहे. ती तपासणी मोठ्या अक्षरातही व्हायला हवी होती.

दुसरा दोष मांडणीतलाच आहे आणि तो मला एका फोनमुळे कळला. साठी ओलांडलेल्या एका बाईंचा सकाळी आठ वाजता फोन आला : “ताई, काल रात्री मी काहीतरी उलटं दाबलंय. दुखणं सात होतं आणि गोळ्या दोन घेतल्या होत्या. झोपल्यावर लक्षात आलं.” पोर्टलवर वेदना २ आणि गोळ्या ७ अशी नोंद होती. हँडसेट हातात घेऊन पाहिला तेव्हा कारण समजले. वेदनेचा पडदा आणि गोळ्यांचा पडदा यांची आकड्यांची ओळ हुबेहूब सारखी, रंग सारखा, बटणांची जागा सारखी. या चाचणीत दिवसाला जास्तीत जास्त चार जादा गोळ्यांची मुभा होती. ‘७’ दाबल्यावर ‘आपण ७ गोळ्या घेतल्या, हे बरोबर आहे ना?’ एवढे विचारण्याची सोय असती तर ती नोंद जागच्या जागी सुधारली असती. तशी सोय नव्हती. उलट प्रायोजकाच्या सुरक्षा विभागाकडून जादा मात्रेबद्दल विचारणा आली.

त्यानंतरची दुरुस्ती हा या सेवेचा सर्वांत कमकुवत भाग आहे. रुग्णाने दिलेले उत्तर सहजासहजी बदलता येऊ नये, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. तसे झाले तर ई-डायरीचा अर्थच उरणार नाही. पण चूक रुग्णानेच दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितली होती, मी ती त्याच वेळी तारीख-वेळेसह मूळ कागदपत्रांत लिहिली होती आणि मुख्य संशोधकांनी त्याच दिवशी दुरुस्तीच्या अर्जावर सही केली होती. अर्ज पुरवठादाराकडे गेला, तेथून प्रायोजकाच्या डेटा व्यवस्थापकाकडे, तेथून ‘पुरावा काय?’ या प्रश्नासह परत आमच्याकडे, आणि १९ दिवसांनी नोंद सुधारली. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीचे संगणकीय यंत्रणांविषयीचे मार्गदर्शन सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यात रुग्णाला आपली चूक लक्षात आल्यास ती सुधारण्याची कार्यपद्धती असावी आणि केंद्राकडून बदल सुचवला जात असेल तर त्याला चुकीनंतर लगेच केलेल्या फोनच्या टिपणासारखा भक्कम आधार असावा, असे म्हटले आहे. आमच्याकडे नेमके तेच टिपण होते. पुरवठादाराच्या अर्जात ते जोडण्याची जागाच नव्हती.

आता ज्यासाठी हे परीक्षण लिहायला घेतले, त्या लाल चौकोनाकडे येते. कागदी डायरीत रिकामी जागा लपून जात असे. ई-डायरीत ती उघडी दिसते, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. पण चौकोन लाल का राहिला, हे सांगण्याची कोणतीही सोय या यंत्रणेत नाही. विसरलेला रुग्ण, हँडसेटची बॅटरी संपलेला रुग्ण, रुग्णालयात भरती झालेला रुग्ण आणि दुखण्यामुळे हँडसेट उचलू न शकलेला रुग्ण, चौघांचाही चौकोन सारखाच लाल.

आमच्या एका रुग्णाच्या दोन्ही मनगटांना एका आठवड्यात भयंकर सूज आली. चार दिवस त्यांनी ५, ५, ६ आणि ५ अशा नोंदी केल्या आणि पुढचे तीन दिवस चौकोन लाल राहिले. फोन केला तेव्हा त्यांच्या मुलीने सांगितले की त्यांना पेलाही धरता येत नाही, पिनचे चार आकडे कुठून दाबणार. वेदना ९ वर होती, असे त्या रुग्ण स्वतः नंतर म्हणाल्या. आराखड्याच्या नियमाप्रमाणे सात दिवसांपैकी चार नोंदी असल्या की आठवड्याची सरासरी काढता येते. ती निघाली ५.२५. तिन्ही दिवशी ९ धरले असते तर ती ६.८६ झाली असती. म्हणजे त्यांचा सर्वांत वाईट आठवडा तक्त्यात बरा दिसला. संख्याशास्त्रज्ञांना ही अडचण चांगली ठाऊक आहे : माहिती गहाळ होण्याचे कारण आपण जे मोजत आहोत त्यातच दडलेले असेल, तर उरलेल्या आकड्यांवरून काढलेले उत्तर एका बाजूला झुकते. त्यावर विश्लेषणाच्या पद्धती आहेत, पण कोणती पद्धत लावायची हे ठरवण्यासाठी नोंद का राहिली हे कळावे लागते. ते माझ्या फोनच्या टिपणवहीत होते. डेटाबेसमध्ये ते कुठेही गेले नाही, कारण तेथे त्यासाठी रकाना नव्हता.

रात्रपाळीत काम करणाऱ्या एका रुग्णाची गोष्ट वेगळी असली तरी मूळ तेच. ते दिवसा झोपत, रात्री आठला उठत आणि साडेआठला कामावर निघत. कामाच्या ठिकाणी फाटकावर फोन आणि हँडसेट जमा करावे लागत. उठल्यानंतरच्या त्या अर्ध्या तासात सांधे सर्वांत जास्त आखडलेले, बोटे वळत नसलेली, आणि प्रश्न विचारतो ‘आज सकाळी’ सांधे किती वेळ आखडले होते. त्यांची सकाळ रात्री आठला होत होती. पहिल्या महिन्यात त्यांचे ११ चौकोन लाल होते. वेळ बदलून देण्याची विनंती मी केली, तेव्हा नोंदीची वेळ सर्व केंद्रांसाठी सर्व्हरवर एकच ठेवलेली आहे, एका रुग्णासाठी ती बदलता येत नाही, असे उत्तर आले. अखेर तिसऱ्या महिन्यात त्यांनी चाचणीतून माघार घेतली. त्यांच्यासारखे रुग्ण असेच गळत गेले, तर निष्कर्ष दिवसपाळीच्या रुग्णांपुरतेच खरे ठरतील.

टॅब्लेटवर याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. तेथे एकही प्रश्न रिकामा सोडता येत नाही. उत्तर दिल्याशिवाय ‘पुढे’ हे बटण उजळतच नाही. लैंगिक जीवनावर आजाराचा काय परिणाम झाला, या प्रश्नापाशी एक विधवा बाई बराच वेळ थांबल्या, मग त्यांनी ‘अजिबात नाही’ दाबले आणि पुढे गेल्या. कागदावर त्यांनी तो प्रश्न सोडला असता आणि ते उत्तर खरे ठरले असते. पडद्यावर तक्ता पूर्ण भरला, पण त्यातील एक रकाना खोटा आहे आणि तो कोणता हे आता कोणालाही ओळखता येणार नाही. ‘उत्तर देऊ इच्छित नाही’ किंवा ‘मला लागू नाही’ असा पर्याय, प्रश्नावलीच्या हक्कधारकांची परवानगी घेऊन, प्रत्येक प्रश्नाला देता येतो. तो द्यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

सुरक्षेबाबत एक गोष्ट पुरवठादाराने आणि प्रायोजकाने मिळून स्पष्ट करायला हवी होती. रुग्णांना वाटते की हँडसेटवर दाबलेले उत्तर त्याच रात्री डॉक्टर वाचतात. सलग तीन दिवस १० नोंदवलेल्या एका रुग्णाने मला विचारले, “मी तीन दिवस कळवतोय, तुमच्याकडून कोणी फोन का नाही केला?” पोर्टलवर त्यांचे चौकोन हिरवे होते, कारण नोंद वेळेवर झाली होती, आत १० आहे की १, हे चौकोन सांगत नाही. रुग्णांनी कळवलेली लक्षणे कोणी तरी लगेच पाहिली तर काय होऊ शकते, याचे उदाहरण कर्करोगाच्या उपचारांत आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ७६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली जामा या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, आपली लक्षणे संगणकावरून नियमित कळवणाऱ्या आणि ती गंभीर झाल्यास परिचारिकांना सूचना जाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो काळ, ३१.२ महिने होते, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटाचे २६ महिने. चाचणीतील डायरीचा हेतू वेगळा असतो आणि प्रत्येक डायरीवर कोणी लक्ष ठेवावे अशी अपेक्षा मी करत नाही. पण लक्ष ठेवले जाणार नसेल, तर ‘ही नोंद डॉक्टर लगेच पाहत नाहीत, त्रास वाढल्यास या क्रमांकावर फोन करा’ हे वाक्य रोजच्या शेवटच्या पडद्यावर असले पाहिजे. संमतिपत्राच्या कुठल्याशा पानावर ते होते; तेवढ्याने भागत नाही.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. हँडसेटची बॅटरी दोन दिवस पुरते. मदतकेंद्राचे लोक सौजन्याने बोलतात आणि विसरलेला पिन पाच मिनिटांत बदलून देतात. देशाबाहेर प्रवास केल्यास गजर मूळ ठिकाणच्या वेळेनेच होतो, त्यामुळे एका रुग्णाला तो मध्यरात्रीनंतर ऐकू आला. स्वतःच्याच फोनवर डायरी भरण्याचा पर्याय या चाचणीत नव्हता. तो असता तर तरुण रुग्णांना एक जादा यंत्र सांभाळावे लागले नसते, मात्र ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी हँडसेट ठेवावेच लागतील.

माझा निर्णय असा की वेदनेसारख्या रोज बदलणाऱ्या लक्षणांसाठी कागदी डायरीकडे परत जाण्याचे कोणतेही कारण नाही आणि ही यंत्रणा मी पुढील चाचणीतही घेईन. मात्र ती सुरू होण्यापूर्वी यंत्रणा नीट चालते का हे पाहणाऱ्या स्वीकृती चाचणीत केंद्रावरील समन्वयकाला बसवावे, असा आग्रह धरेन. आमच्या वेळी ती चाचणी कार्यालयात, दिवसाउजेडी, लहान अक्षरात आणि पूर्ण इंटरनेट असताना झाली होती. हँडसेट चार दिवस घरी न्यावा, अक्षर मोठे करावे, एक दिवस मुद्दाम नोंद चुकवावी, एक दिवस चुकीचे उत्तर जतन करून दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज भरावा आणि तो किती दिवसांनी मार्गी लागतो ते मोजावे.

चाचणी संपल्यावर पुरवठादाराने अभिप्राय मागवला, तेव्हा मी एकाच पडद्याची मागणी केली. आदल्या दिवशीची नोंद राहिली असेल तर दुसऱ्या दिवशी प्रश्न सुरू होण्याआधी तो पडदा यावा, त्यावर ‘काल नोंद का राहिली?’ असे विचारावे आणि खाली पाच पर्याय असावेत : विसरलो, हँडसेट चालत नव्हता, कामावर किंवा प्रवासात होतो, रुग्णालयात होतो, दुखणे फार होते. शेवटचा पर्याय निवडण्यासाठी पिन लागू नये आणि तो घरातील दुसऱ्या कोणाला दाबता यावा, त्यांच्या नावाची वेगळी नोंद ठेवून. पुढच्या आवृत्तीसाठी यातील पहिले चार पर्याय त्यांनी मान्य केले आहेत. पाचव्याबद्दल, दुसऱ्या व्यक्तीने केलेली नोंद रुग्णाची मानता येईल का यावर, आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.